गस्तवाल्याचे डोके

ज्यांचे आयुष्य बदलीच्या नोकरीत गेले त्यांच्या घरी एक तरी खोके असे असते, की जे प्रत्येक बदलीबरोबर गावोगाव हिंडते आणि उघडले मात्र सहसा जात नाही. आमच्याही घरी असे एक खोके आहे. कलकत्ता, हैदराबाद, दिल्ली असा प्रवास करून ते आता आमच्याबरोबरच सेवानिवृत्त झाले आहे. त्यात मौल्यवान असे काहीच नाही. निळ्यापिवळ्या रंगाची एक खेळण्यातली मोटार, इंग्रजी चित्रसाप्ताहिकांचा एक पिवळा पडलेला गठ्ठा, आणि बंगाली अक्षरांनी भरलेली एक शाळकरी वही, एवढाच काय तो ऐवज. यांतली मोटार ही वस्तुतः मोटार नसून एक गुप्तहेर आहे. त्याचे मूळचे डोके हरवलेले आहे, आणि आज त्याच्या धडावर जे आहे ते मातीचे आहे. ते कसे हरवले हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

१९९० च्या जून महिन्यात आमची बदली कलकत्त्यास झाली. (२००१ पासून या शहराचे सरकारी नाव कोलकाता झाले, परंतु आमच्या जिभेला ते वळण लागेपर्यंत आम्ही तिथून केव्हाच बाहेर पडलो होतो.) आमचे खाते हिशेबतपासणीचे. सरकारी जागा मिळेपर्यंत कुठे तरी बिऱ्हाड करणे भाग होते, आणि एका बंगाली सहकाऱ्याच्या ओळखीने बागबाजारातल्या एका जुन्या वाड्याचा दुसरा मजला आम्हांस मिळाला. पुढे सरकारी जागेचे पत्र आले तेव्हा सौभाग्यवतींनी ते वाचले आणि परत पाकिटात घातले. ज्या वस्तीत सकाळी गंगेवरचे वारे येते, जिथे १८६८ साली नवीनचंद्र दासांच्या हातून रसगुल्ला घडल्याचे लोक अभिमानाने सांगतात, जिथे गिरीशचंद्र घोषांचे घर वाचवण्यासाठी रस्त्यालाच दोन्ही अंगांनी वळसा घालावा लागला, ती वस्ती सोडून दक्षिणेकडच्या चौकोनी खोल्यांत जाण्याची तिची तयारी नव्हती.

आमचे मराठीपण त्या वस्तीत पहिल्याच आठवड्यात जाहीर झाले, आणि तेही काहीशा अवघड रीतीने. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम बंगालवर चालून आले, तेव्हा घाबरलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाला, मराठे काही आले नाहीत, आणि काम तिथेच थांबले. पुढे तो खंदक बुजवून त्यावर रस्ता झाला. नाव तेवढे या गल्लीपुरते शिल्लक राहिले. आमच्या वरच्या मजल्यावर घरमालक राहत. निवृत्त शिक्षक, वय पासष्टीच्या पुढचे, स्वभाव मिस्कील. त्यांनी पहिल्याच भेटीत हात जोडून म्हटले, "या मोशाय, या! अडीचशे वर्षे वाट पाहिली तुमची. एवढा खंदक खणला, आणि आलात कधी? तर तो बुजवल्यावर!" बंगाल्यात अजूनही मुलाला झोपवताना बर्गी आल्याची भीती घालतात. आमचे चिरंजीव मात्र तिसऱ्याच दिवशी त्यांना 'दादू' म्हणजे आजोबा म्हणू लागले, आणि बर्गीचा प्रश्न मिटला.

चिरंजीवांचे वय तेव्हा नऊ वर्षांचे. तोवर त्याच्या तीन शाळा झाल्या होत्या आणि ही चौथी. सरकारी नोकराच्या मुलाला दर तीन वर्षांनी नवी भाषा, नवे मित्र आणि नवा गणवेष मिळतो. त्याचे कोडकौतुक आपण फार करतो. ते मूल त्या काळात काय हरवते याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीत त्याच्या मामाने इंग्लंडहून एक पार्सल पाठवले. त्यात ते खेळणे होते आणि सोबत पंचवीसतीस चित्रसाप्ताहिके. १९८४ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने जपानच्या टाकारा कंपनीची रूप पालटणारी यंत्रमानव खेळणी घेऊन त्यांना नवी नावे दिली, नव्या कथा दिल्या आणि 'ट्रान्सफॉर्मर्स' म्हणून जगभर विकली. मोटारीची माणसे होतात, विमानांची माणसे होतात, आणि सायबरट्रॉन नावाच्या धातूच्या ग्रहावरचे त्यांचे जुने भांडण ती पृथ्वीवर येऊन भांडतात. "म्हणजे यांचीही बदली होते," असे आम्ही म्हटले. चिरंजीव हसला नाही. त्याने गंभीरपणे उत्तर दिले, "हो, पण बदली झाली तरी तो तोच राहतो."

हा 'तो' म्हणजे नाईटबीट. १९८८ साली बाजारात आलेला हा पुतळा घडी घातली की पोर्श ९५९ जातीची मोटार होई, आणि उलगडला की मनुष्याकृती. त्याचा हुद्दा कारखान्यानेच ठरवून दिला होता, तो गुप्तहेराचा. नावाचा अर्थ रात्रीची गस्त. म्हणून आमच्या घरात तो 'गस्तवाला' झाला. या जातीच्या खेळण्यांची मौज अशी, की त्यांचे डोके हा स्वतंत्र प्राणी असतो. गस्तवाल्याचे डोके काढले, त्याचे हातपाय उलगडले, की त्याचा अंगठ्याएवढा एक माणूस होई. त्याचे नाव मझल. मोटार चालू असताना तो सारथी, आणि मोटारीचा माणूस झाला की तो मस्तक. आम्हांस हे पाहून आमच्या कचेरीतल्या कित्येक वरिष्ठांची आठवण झाली. धिप्पाड देह एकाचा, आणि विचार करणारा दुसराच कोणी छोटासा माणूस, ज्याला संध्याकाळी काढून बाजूला ठेवता येते!

चिरंजीव ती साप्ताहिके आम्हांस वाचून दाखवी. या कथांचा मोठा भाग सायमन फर्मन नावाच्या इंग्रज लेखकाने लिहिला आहे, आणि गस्तवाल्याला खरा जीव त्यानेच दिला. १९९० सालच्या एका कथेत तर त्याने डॅशियल हॅमेटच्या १९३० सालच्या 'माल्टीज फाल्कन' या प्रसिद्ध कादंबरीचे विडंबन करून या लोखंडी पुतळ्याला परग्रहावर पक्ष्याच्या मूर्तीच्या शोधात हिंडवले आहे. बाकीचे यंत्रमानव लढतात, हा विचारतो. कुठे कोडे दिसले, की युद्ध, हुकूम, स्वतःचा जीव, सारे विसरून तो त्याच्या मागे लागतो. आम्ही प्रथम हे हसण्यावारी नेले. यंत्र म्हणजे सांगितले तेवढे करणारी वस्तू. ती गुप्तहेर कशी होईल? रोबो हा शब्दच मुळी चेक भाषेतला. कारेल चापेक याने १९२० सालच्या आपल्या नाटकात तो प्रथम वापरला, आणि त्याच्या मुळाशी वेठ हा अर्थ आहे. वेठबिगाराने ओझे वाहावे; ओझ्यात काय आहे ते विचारू नये. सरकारी नोकरीत बत्तीस वर्षे घालवलेल्या माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही.

यंत्रमानव गुप्तहेराची कल्पना मात्र फर्मनची किंवा खेळण्याच्या कारखान्याची नव्हे. आयझॅक ॲसिमॉव्हची 'केव्ह्ज ऑफ स्टील' ही कादंबरी १९५४ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यात माणसासारखा दिसणारा डॅनील नावाचा यंत्रमानव न्यूयॉर्कच्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या जोडीने खुनाचा तपास करतो. डॅनीलला न्याय म्हणजे काय ते ठाऊक असते. कायदा पाळला गेला की न्याय झाला. कायद्याच्या वर दया नावाची काही गोष्ट असते हे त्याला त्याचा माणूस सोबती शिकवतो, आणि शेवटी गुन्हेगार हाती आलेला असताना तो यंत्रमानवच त्याला क्षमेचे शब्द ऐकवतो. आम्ही ही कादंबरी पुष्कळ उशिरा, हैदराबादेस वाचली. आधी वाचली असती तर आमच्या वर्तनात फरक पडला असता, असे मात्र म्हणवत नाही.

दादूंनी हा लोखंडी गुप्तहेर पाहिला आणि ते खवळले. बागबाजारातल्या मुलाने विलायती गुप्तहेराशी खेळावे? ज्या वस्तीत हेमेंद्रकुमार राय राहिले त्या वस्तीत? मग त्यांनी चिरंजीवाला हाताला धरून गंगेच्या काठाने नेले आणि ते घर दाखवले. हेमेंद्रकुमार (१८८८-१९६३) हे बंगाली मुलांच्या साहस आणि हेरकथांचे आद्य पुरुषच म्हणावयाचे. 'मौचाक' मासिकात १९२३ साली त्यांची 'यखेर धन' क्रमशः आली आणि पुढे त्यांच्या लेखणीतून जयंत हा गुप्तहेर, त्याचा मित्र माणिक आणि फौजदार सुंदरबाबू हे त्रिकूट जन्मास आले. जयंत बासरी वाजवतो आणि तपासाचा धागा हाती लागला की तपकिरीची चिमूट ओढतो. सुंदरबाबू पोटाने थोर आणि बुद्धीने बेताचे. त्यांच्या तोंडी सदा 'हुम्'. लहानपणी दादूंनी लेखकमहाशयांना नदीकडच्या गच्चीवर बसलेले पाहिले होते. "आम्ही मुले घाटावरून वर पाहत असू," ते सांगत, "आणि आम्हांस वाटे, आत्ता तिथे एक खून होत आहे!"

यंत्रमानवच हवा असेल तर तोही आमच्याकडे आहे, असेही त्यांनी बजावले. सत्यजित राय यांनी १९६१ साली 'संदेश' मासिकात प्रोफेसर शंकूची पहिली कथा लिहिली, तिच्यातला विधुशेखर हा लोखंडाचाच. गोयेंदा आणि यंत्रमानव एकाच देहात कोंबण्याची घाई तेवढी बंगाल्यांनी केली नाही.

आम्हीही हार मानणारे नव्हतो. आम्ही बाबुराव अर्नाळकरांचे नाव पुढे केले. त्यांच्या नावावर हजारांवर रहस्यकथा आहेत; त्यांचा झुंजार आणि काळा पहाड यांच्या पायी आम्ही शाळेत असताना पांघरुणात विजेरी घेऊन रात्री काढल्या आहेत. दादूंनी आकडा ऐकून "हुम्" केले. मग आम्ही शेवटचा बाण सोडला. त्यांचा लाडका व्योमकेश बक्षी ज्यांनी निर्माण केला ते शरदिंदु बंद्योपाध्याय १९५२ पासून १९७० साली वारेपर्यंत आमच्या पुण्यात राहत होते, आणि व्योमकेशाच्या किती तरी कथा पुण्याच्या हवेत लिहिल्या गेल्या आहेत. दादू क्षणभर थांबले. मग म्हणाले, "बरोबर. दूर गेल्याशिवाय आपले गाव नीट दिसत नाही." हे वाक्य ते सहज बोलून गेले, आम्ही पुष्कळ दिवस त्यावर विचार करीत होतो.

या वादाचा परिणाम असा झाला, की सहा महिन्यांत चिरंजीव बंगाली वाचू लागला. १८८३ सालच्या बागबाजार रीडिंग लायब्ररीत तो दादूंच्या बरोबर जाई आणि जयंत-माणिकाच्या कथा काखोटीस मारून आणी. आम्हांस त्याचे कौतुक वाटले आणि, खोटे कशास बोला, पोटात कुठे तरी दुखलेही. कारण मराठी पुस्तक त्याच्या हाती दिले तर ते दोन दिवसांनी उशाखाली जसेच्या तसे सापडे. परप्रांतात राहणाऱ्या ज्या वाचकांची मुले शेजाऱ्याच्या भाषेत स्वप्ने पाहतात, त्यांना हे दुखणे समजावून सांगण्याची गरज नाही.

ते दुखणे १९९१ च्या श्रावणात उफाळून आले. चिरंजीवाने वाईस आमच्या मातोश्रींना पत्र लिहिले. "ती. आजीस, मी भालो आहे. इथे खूब पाऊस पडछे." अशी त्याची सुरुवात होती. आम्ही ते पत्र पेटीत टाकण्यापूर्वी पाहिले आणि लाल शाईची लेखणी घेऊन बसलो. सतरा चुका निघाल्या. सतराही आम्ही एखाद्या ठेकेदाराच्या बिलावर काढाव्यात तशा काढल्या, समासात शेरे मारले, आणि ते पत्र नव्याने लिहून आणण्यास त्यास फर्माविले. रविवारचा दिवस होता. तो आमच्याच टेबलाच्या कडेला बसला. थोड्या वेळाने पाहतो तो पत्र कोरे, आणि आमच्या तपासणीच्या अहवालावर, अगदी सहीच्या जागी, तो मझल पाय पसरून बसलेला. चिरंजीव पाणी पिण्यास आत गेला होता. आम्ही रागाने ते डोके उचलले आणि कचेरीच्या चामडी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकले. चार दिवसांनी, पत्र नीट लिहिले म्हणजे देऊ, असा आमचा विचार होता.

दुसऱ्या दिवशी चितपूर रस्त्याच्या ट्राममध्ये नेहमीप्रमाणे गर्दी होती. तिकिटाची नाणी आम्ही त्याच कप्प्यात ठेवीत असू. संध्याकाळी घरी येऊन हात घातला तेव्हा कप्पा रिकामा होता.

रात्री जेवताना त्याने विचारले, "बाबा, तुम्ही मझल पाहिलात का?"

आम्ही म्हणालो, "स्वतःच्या वस्तू स्वतःला सांभाळता येत नाहीत का?"

आम्ही 'नाही' म्हटले नाही, हे खरे. पण विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्या प्रश्नाने उत्तर देणारे किती तरी खजिनदार आणि भांडारपाल आमच्या नोकरीत आमच्यासमोर उभे राहिले होते, आणि अशा उत्तराचा अर्थ काय करावयाचा हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? जेवण झाल्यावर पान आणण्याच्या निमित्ताने आम्ही बागबाजारच्या ट्रामच्या अड्ड्यावर गेलो. तिथल्या माणसाने आपुलकीने एक पेटी उघडून दाखवली. तिच्यात सात छत्र्या, एक चपलेचा जोड आणि कोणा वृद्धाची दातांची कवळी होती. डोके नव्हते.

मग आमच्या घरात तपास सुरू झाला. चिरंजीव जयंत झाला; दादूंनी आपण होऊन सुंदरबाबूंची भूमिका पत्करली आणि प्रत्येक साक्षीनंतर ते "हुम्" म्हणत. खोलीचा नकाशा काढण्यात आला. कामवाली मासी, दूधवाला, सौभाग्यवती आणि खुद्द दादू यांचे जबाब झाले. ते सारे एका वहीत बंगालीत उतरवले जाई. आमचा जबाब कोणी घेतला नाही. आम्ही मनाशी म्हटले, मूल आहे, वडिलांना विचारण्यास धजत नसेल. थोड्याच दिवसांत वही मिटली आणि तपास आपोआप थांबला. बिनडोक्याचा गस्तवाला खिडकीत उभा राहू लागला. रामायणातल्या कबंधासारखा तो आम्हांस रोज सकाळी दाढी करताना दिसे.

भाद्रपदात हाजरा रस्त्यावरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला गेलो होतो. परतताना ट्राममध्ये चिरंजीवाने गणपतीची गोष्ट विचारली. आम्ही ती सांगितली. "डोके कोणी उडवले?" "शंकराने." "वडिलांनी?" "हो, पण त्यांना ठाऊक नव्हते ना, तो..." इथे आम्ही थांबलो, कारण गोष्ट नीट जुळेना. तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "पण नंतर त्यांनी दुसरे आणून दिले." कलकत्त्यात त्या वेळी तसले डोके कुठे मिळणार होते? मामाला पत्र लिहिले असते तर कदाचित मिळाले असते. परंतु मामाला लिहावयाचे म्हणजे कसे हरवले तेही लिहावे लागणार, आणि ते पत्र आम्ही लिहिले नाही.

जे आम्ही केले नाही ते कुमारटुलीतल्या एका मूर्तिकाराने केले. बागबाजाराच्या दक्षिणेस लागूनच कुंभारांची ही वस्ती आहे. पूजेच्या आधी दीडदोन महिने त्या बोळांतून चालणे हा एक अनुभव आहे. दोन्ही बाजूंस गवताच्या पेंढ्या बांधून केलेले देह, त्यावर गंगेच्या चिकणमातीचे थर, आणि रांगेने उभ्या असलेल्या दशभुजा देवी, सगळ्या बिनडोक्याच्या. मुखे वेगळी, साच्यातून निघतात. ती फळीवर वाळत असतात आणि मागाहून धडावर बसवली जातात. बोटेही वेगळीच घडवतात. डोळे सर्वांत शेवटी, प्रथेप्रमाणे महालयेच्या दिवशी. दादू चिरंजीवाला तिथे घेऊन गेले. आम्हीही मागोमाग गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. चिरंजीव एका देवीच्या धडापुढे बराच वेळ उभा राहिला. मग त्याने खिशातून गस्तवाला काढून तिच्या शेजारी धरला. मूर्तिकाराने हात पुसले, पुतळा फिरवून फिरवून पाहिला, मानेची खाच नखाने चाचपली, आणि काही न बोलता चिमूटभर माती मळावयास घेतली. पाच मिनिटांत डोके तयार झाले. "वाळू दे. डोळे नंतर," तो म्हणाला. महालयेच्या संध्याकाळी त्याने चारसहा केसांच्या कुंचल्याने त्यावर डोळे काढले. त्याच्या हाताला देवीच्याच डोळ्यांची सवय. त्यामुळे त्या विलायती गुप्तहेराला कानापर्यंत पोचणारे दुर्गेचे नेत्र लाभले. पैसे त्याने घेतले नाहीत. आम्ही देऊ केले तेव्हा दादूंनी आमचा हात दाबला.

पुढे आम्हांस हैदराबादचा हुकूम आला. त्याच वर्षीच्या जानेवारीत, म्हणजे १९९२ साली, ते इंग्रजी साप्ताहिकही ३३२ व्या अंकावर बंद पडले होते, त्यामुळे मामाचे गठ्ठे येणे थांबले. हैदराबादेस सामान लावताना ती वही आमच्या हाती लागली. चिरंजीव तेव्हा अकरा वर्षांचा. त्याने गस्तवाला, साप्ताहिके आणि वही खोक्यात घालून वर ठेवून दिली होती आणि नव्या शाळेत तो क्रिकेट खेळू लागला होता. वही उघडली, पण आम्हांस वाचता येईना. त्याला विचारणे शक्य नव्हते. आम्ही दादूंना लिहिले, की बंगाली शिकावे म्हणतो. दादूंनी उलट टपाली विद्यासागरांच्या १८५५ सालच्या 'वर्णपरिचय'ची एक प्रत पाठवली. कारण त्यांनी विचारले नाही. त्यांना ते ठाऊक असावे, असा आमचा पुष्कळ वर्षे संशय होता.

पन्नाशीच्या घरातल्या माणसाला नवी लिपी शिकणे सोपे नाही. बंगालीत 'ब'खाली टिंब दिले की 'र' होतो, 'ज'सारख्या उच्चाराच्या 'य'खाली टिंब दिले की खरा 'य' होतो. आमच्या चष्म्याला ती टिंबे दिसत नसत. कचेरीतून आल्यावर रोज अर्धा तास, असे करून वर्षभराने आम्ही ती वही वाचावयास घेतली. पहिल्या पानांवर जबाब. मग मुद्दे. मझल शेवटचा दिसला तो बाबांच्या टेबलावर. बाबांच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात पिवळ्या रंगाची कपची मिळाली. सोमवारी रात्री बाबा पान आणावयास गेले; बाबा पान खात नाहीत. ट्रामच्या अड्ड्यावर विचारले, तिथला माणूस म्हणाला, चष्मेवाले एक गृहस्थ येऊन गेले. त्याखाली साक्षीदारांची यादी. पाचवा साक्षीदार, बाबा. त्यापुढे लिहिले होते, 'प्रश्न विचारायचे नाहीत.' आणि खाली, दोन रेघा मारून, 'केस बंद.' तारीख गणेशचतुर्थीच्या दोन दिवस आधीची होती.

त्यानंतरही आम्ही बोललो नाही. दहावी, बारावी, परदेश, लग्न; दर वेळी काही ना काही निघे. अधूनमधून गस्तवाल्याची हकीकत तोच फोनवर सांगे. २००६ साली दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेने फर्मनकडूनच त्याच्यावर स्वतंत्र अंक लिहवून घेतला, आणि त्यात शत्रू त्याच्या डोक्यातच फेरफार करून त्याला सोडून देतात, इतके, की आपल्याला काय झाले हेच त्या गुप्तहेराला आठवत नाही. "बिचाऱ्याच्या डोक्याचे काही खरे नाही, बाबा," तो हसून म्हणाला. आम्हीही हसलो.

२०१६ साली कारखान्याने नाईटबीट पुन्हा काढला. या खेपेस विक्रीस आले ते मुख्यतः डोकेच. घडी घातली की मस्तक आणि उलगडले की बोटभर माणूस, सोबत एक छोटेसे वाहन. आम्ही ते मागवून घेतले. खोके उघडून ते जुन्या धडावर बसवून पाहिले. बसले नाही, मान निराळ्या मापाची होती. तेव्हा कुमारटुलीचे डोके पुन्हा जागेवर ठेवले. त्याचा एक कान उडाला आहे, डोळे मात्र शाबूत आहेत. नवे डोके आम्ही चिरंजीवाला टपालाने पाठवले आणि सोबत एक पत्र. ते बंगालीत लिहिले. मराठीत लिहवेना. एकच वाक्य होते, 'मझल आमि ट्रामे हारियेछि.' मझल मीच ट्राममध्ये हरवला.

तीन आठवड्यांनी पाकीट आले. आत आमचेच पत्र परत आले होते. 'हारियेछि' या शब्दात 'र'खालचे आणि 'य'खालचे अशी दोन्ही टिंबे आमच्याकडून राहून गेली होती. ती लाल शाईने दिलेली होती. दुसरे काही लिहिलेले नव्हते. आम्ही 'वर्णपरिचय' काढून पडताळून पाहिले. दोन्ही टिंबे बरोबर होती.